मनीची जागा

आज ज्या विषयावर मला आपल्याशीं बोलावयाचें आहे, तो चारचौघांत काढण्यासारखा नाहीं असें आपणांपैकीं पुष्कळांना वाटेल. घरीं आणलेल्या मांजराच्या पिलानें आपला देहधर्म कोठें उरकावा, हा तो विषय. कोणी या वेळीं पानावर बसला असेल तर त्यानें मला क्षमा करावी. परंतु ज्या घरांत मांजर पाळलें आहे तेथील मंडळींना विचारून पाहा. या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नापायीं नवराबायकोंत अबोला धरला गेलेला असतो, सासूसुनांचे शब्दाला शब्द लागलेले असतात, मुलें उपाशी निजलेलीं असतात. आणि अखेरीस या साऱ्या भांडणाचा निकाल लागतो तो, ज्याला त्यांत एक शब्दही बोलतां येत नाहीं, त्याच्याविरुद्ध!

हा निकाल अमलांत कसा येतो, तें आमच्या हिंगोलीकडच्या लोकांस सांगावयास नको. मांजर मारलें तर काशीयात्रा केल्यावांचून पाप फिटत नाहीं, ही समजूत अजून पुरती मावळलेली नाहीं. त्यामुळें मांजराच्या अंगावर हात टाकावयास सहसा कोणी धजत नाहीं. त्याऐवजीं माळ्यावरून एक पोतें काढतात, पिलाला त्यांत घालतात, पोत्याचें तोंड सुतळीनें आवळतात आणि दिवेलागणीच्या सुमारास कोणी तरी तें फटफटीवर टाकून कयाधू नदीपलीकडे सोडून येतो. येणेंप्रमाणें पापही लागत नाहीं आणि गोधडीही खराब होत नाहीं. "मिळेल त्याला कुठं तरी दूध," असें म्हणून तो गृहस्थ हात धुतो. कुत्रीं, मोटारी आणि भूक या तिघांच्या तावडींतून दीड महिन्याच्या पिलाला कोणतें दूध मिळालें, हें पाहण्यास तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां तिकडे जात नाहीं.

मी ही परनिंदा करीत आहें असें समजूं नका. असें एक पोतें आमच्या घरींही माळ्यावरून खालीं आलेलें आहे, आणि तें काढणारा हात माझाच होता.

आषाढाचे दिवस होते. आमची दहा वर्षांची कन्या शाळेंतून परत आली ती दप्तराच्या तोंडाशीं हात दाबून धरूनच. दप्तर उघडलें तों आंतून करड्या अंगावर काळे पट्टे असलेलें मुठीएवढें पिलूं बाहेर आलें. शेजारच्या लाकडाच्या वखारींत एका मांजरीला चार पिलें झालीं होतीं. "बाबा, हिची आई तीन दिवस झाले आलीच नाही," एवढेंच मुलगी म्हणाली. इतक्या पावसांत त्या पिलाला परत नेऊन ठेव असें सांगण्याचें धैर्य कोणालाच झालें नाहीं. नांव काय ठेवावें याचा खल मराठी घरांत फारसा होत नाहीं. ती मनी झाली.

पहिले दोन दिवस कौतुकांत गेले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्या आईच्या गोधडीवर मनीनें आपल्या आगमनाची नोंद केली. चौथ्या दिवशीं धुण्यासाठीं काढून ठेवलेल्या कपड्यांची पाळी आली. पांचव्या दिवशीं ती तुळशीच्या कुंडींत सांपडली, आणि मग मात्र प्रकरण धर्मबाह्य ठरलें. घरांतला शिकलासवरलेला पुरुष म्हणून या पिलाच्या शिक्षणाची जबाबदारी मीं शिरावर घेतली. लहानपणीं आमच्या घरच्या मांजराचें नाक त्याच्या घाणीजवळ नेऊन वडील त्याला चापट मारीत, असें मला आठवत होतें. त्याच शिक्षणपद्धतीचा अवलंब मींही केला.

परिणाम लौकरच दिसून आला. मनी मला भिऊं लागली. गोधडीला ती पूर्वीइतकीच निर्भयपणें भेटत राहिली. फरक एवढाच झाला कीं, पूर्वी जें ती आमच्यादेखत करी तें आतां धान्याच्या कोठीमागें जाऊन करूं लागली, आणि आम्हांला त्याचा पत्ता चार दिवसांनीं नाकाच्या साहाय्यानें लागूं लागला. मार खाल्लेल्या जनावराला "या ठिकाणीं करूं नये" असें कळत नाहीं. "या माणसासमोर करूं नये" एवढेंच कळतें. हा धडा मनीनें चोख पाठ केला होता. दोष शिकविणाऱ्याचा होता.

आठव्या दिवशीं पत्नी म्हणाली, "मी धुवायचं तरी किती?" तिचें म्हणणें अगदीं रास्त होतें. श्रावण तोंडावर आलेला, बाहेर संततधार, ओल्या गोधड्या वाळेनात आणि घरभर तो उग्र दर्प भरलेला. मीं कांहीं न बोलतां माळ्यावर चढून पोतें खालीं काढलें. तें पाहून मुलगी ताटावरून उठली.

माझी आई उंबऱ्याशीं बसून ज्वारी निवडीत होती. सुपावरची नजर न काढतां ती म्हणाली, "पोत्याचं मागून बघू. आधी मला सांग, तिला जायला तू जागा कुठं ठेवलीस?"

मीं अंगणाकडे बोट केलें.

"तिथं ती काय उकरील? माती उकरल्याशिवाय मांजर बसत नसतं, बाळा. आणि माती तर सगळी तूच झाकून टाकलीस."

मीं अंगणाकडे पाहिलें. दोनच वर्षांपूर्वीं, चिखल नको म्हणून, मींच तें कुंपणापासून पायरीपर्यंत फरशीनें मढवून घेतलें होतें.

श्रोतेहो, आज मला जें सांगावयाचें आहे, तें सारें माझ्या आईच्या या दोन वाक्यांत आलें आहे. पुढें मीं जें वाचलें, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलें आणि स्वतः करून पाहिलें, तें केवळ या दोन वाक्यांचें भाष्य होय.

आमचें जुनें घर वसमतच्या बाजूला खेड्यांत होतें. माळवदाचें घर, पुढें ढाळज, मागें परसू, परसांत उकिरडा, गोठ्यांत भुसकट, चुलींत रात्रीं निवलेली राख. त्या घरांत मांजराला कोणी कांहीं शिकविल्याचें आईला आठवत नाहीं. वडिलांच्या ज्या चापटीला मी शिक्षण समजत होतों, ती चापट मुळीं चुलींतल्या राखेवरून बसत असे. आणि ती बसली काय, न बसली काय, चार पावलांवर परसांतली मोकळी माती असल्यामुळें मांजराचें कांहीं अडत नसे. आतां चूल गेली, गोठा गेला, परसू गेलें. गुळगुळीत फरशीवर उतरलेलें पिलूं पंजानें चाचपीत चाचपीत जेथें कांहीं मऊ व उकरण्याजोगें लागेल तेथें जातें. आपल्या दृष्टीला जी गोधडी दिसते, ती त्याच्या पंजाला भुसभुशीत माती वाटते. आमच्याकडे हळदीच्या हंगामांत ओसरीवर कोणी हळदीचा ढीग ठेवला, तर तेथेंही तें याच हिशेबानें जातें.

मांजराच्या या खोडीचें, किंबहुना या सद्गुणाचें मूळ फार जुनें आहे. घरोघरचीं मांजरें ही पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या कोरड्या प्रदेशांतील रानमांजराचीं वंशज आहेत, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें दाखवून दिलें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाच्या शेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें आहे. इतका आपला व त्याचा सहवास जुना. रानांत राहणाऱ्या या लहानशा शिकारी प्राण्याला आपला वास मोठ्या जनावरांपासून लपवावा लागे, म्हणून मळ मातीआड करण्याची संवय त्याच्या रक्तांत उतरली, असें प्राणिशास्त्रज्ञ मानतात. कुत्र्याला जें महिनोन्‌महिने शिकवावें लागतें, तें मांजर जन्मतःच बरोबर घेऊन येतें.

यांत आईचा वांटा केवढा असतो, तेंही पाहण्यासारखें आहे. पहिले सुमारें तीन आठवडे पिलाला आपण होऊन देहधर्म करतांच येत नाहीं. आई त्याचें पोट व मागचा भाग चाटते, त्या स्पर्शानें तो होतो, आणि तो ती स्वतःच चाटून साफ करते. म्हणून ज्या टोपलींत पिलें असतात ती टोपली स्वच्छ राहते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिलूं आपल्या पायांनीं हिंडूं लागतें, मोकळी माती दिसली कीं उकरूं लागतें. आईचें पाहून तें लौकर सरावतें. परंतु आमच्या मनीसारखें पोरकें पिलूंसुद्धां योग्य जागा मिळाली तर बहुधा आपली आपणच वाट काढतें. म्हणूनच शक्य असेल तेथें पिलाला निदान आठ आठवडे आईजवळ राहूं द्यावें. जें काम ती फुकट व बिनबोभाट करते, तें आपल्या अंगावर घेण्याची घाई कशाला?

आतां ही योग्य जागा म्हणजे काय? येथें एक मौजेची गोष्ट सांगतों. १९४७ सालच्या जानेवारींत अमेरिकेच्या मिशिगन प्रांतांत एड लो नांवाच्या तरुणाकडे त्याची शेजारीण आपल्या मांजरासाठीं वाळू मागावयास आली. ती बाई एरवीं राख वापरी, आणि राखेनें भरलेले मांजराचे पंजे घरभर उमटत. लो याच्या घरच्या धंद्यांत सांडलेलें तेल शोषून घेणारी दाणेदार माती विकली जाई. आपण जिला मुलतानी माती म्हणतों तिच्याच जातीची ती होती. त्यानें वाळूऐवजीं तीच दिली. बाई पुन्हां मागावयास आली; तिच्या मैत्रिणीही मागूं लागल्या. मग लो यानें त्या मातीच्या पांच-पांच पौंडांच्या पिशव्या भरून त्या पासष्ट सेंटांना विकावयास काढल्या. येथूनच मांजराच्या मातीचा मोठा व्यापार जगांत सुरू झाला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत, ओली होतांच गोळा धरणारी बेंटोनाईट माती या कामीं आली. ही माती आपल्या देशांत कच्छ आणि बाडमेरकडे निघते, आणि आज शहरांतल्या दुकानांतून तिच्या पिशव्या मिळतात.

मौज पुढेंच आहे. बेंटोनाईट पाणी पिऊन फुगतें तें त्यांतल्या माँटमोरिलोनाईट नांवाच्या खनिजामुळें. आमच्या मराठवाड्याची काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वैशाखांत पाय जाईल एवढ्या भेगा पडून उकलते, तीही याच कुळांतल्या खनिजांमुळें. म्हणजे जी माती आम्हीं फरशीखालीं गाडली, तिचीच चुलतबहीण आम्ही पिशवींतून विकत आणणार! मात्र शेतांतली काळी माती उचलून घरांत ठेवावी असें मी म्हणत नाहीं. ओली झाली कीं ती पंजाला चिकटते, वाळली कीं दगडासारखी होते, आणि तींत कृमींचीं अंडीं असण्याचा संभव असतो. राखही नको, तिचा बारीक धुरळा नाकांत जातो, आणि पाण्यानें भिजलेली राख पंजाच्या कातडीला झोंबते. गोळा धरणारी विकतची मातीही अगदीं लहान पिलांसाठीं वापरूं नये. लहान मुलाप्रमाणें पिलूंही प्रत्येक वस्तु तोंडांत घालून पाहतें, आणि जी माती बाहेर फुगते ती पोटांतही फुगते. पिलूं तीन महिन्यांचें होईपर्यंत गोळा न धरणारी साधी दाणेदार माती, चाळून वाळवलेली वाळू, किंवा तेंही न मिळाल्यास जुन्या वर्तमानपत्रांचे बारीक तुकडे पुरे होतात. सुगंधी माती घेऊं नये. तो सुगंध आपल्या नाकासाठीं असतो. मांजराचें नाक आपल्याहून कितीतरी तिखट असल्यामुळें त्याला तोच असह्य होतो.

पोतें खालीं काढलेलेंच होतें. तें घेऊन मी, जेथें एका ओळखीच्या गृहस्थांचें बांधकाम चाललें होतें, तेथें गेलों आणि त्यांच्या परवानगीनें वाळू घेऊन आलों. उघडीप पाहून ती गच्चीवर वाळविली, चाळली, आणि वापरांतून गेलेल्या एका परातींत दोन बोटें जाडीचा थर पसरला. परातच कां, असें कोणी विचारील. सहा आठवड्यांच्या पिलाला उंच काठावरून चढून जातां येत नाहीं, म्हणून काठ चार बोटांपेक्षां उंच असूं नये. पिलूं वाढलें म्हणजे भांडेंही मोठें घ्यावें. मांजराच्या लांबीच्या दीडपट भांडें असलें तर त्याला आंत सुखानें वळतां येतें. मांजरें जितकीं, त्यांपेक्षां एक भांडें अधिक ठेवावें, असा जाणत्यांचा नियम आहे.

भांडें ठेवण्याची जागा शांत असावी, पण अडगळीची नसावी. खाण्यापिण्याच्या ताटलीजवळ तें मुळींच नसावें. जेथें जेवावें तेथें घाण करूं नये, एवढी रीतभात मांजरालाही कळते. आरंभीं पिलाला सबंध घर मोकळें न देतां एकाच लहान खोलींत ठेवावें. तीन खोल्यांपलीकडची परात त्याला ऐन वेळीं आठवत नाहीं आणि आठवली तरी तेथवर पोहोंचण्याइतका धीर त्याच्यापाशीं नसतो. एका खोलींत तें चुकेनासें झालें कीं दुसरीचें दार उघडावें.

आतां वेळेविषयीं. पोटांत अन्न पडलें कीं आंतडीं हालूं लागतात, हा नियम माणसाच्या तान्ह्या मुलाप्रमाणेंच पिलालाही लागू आहे. म्हणून झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून दमल्यावर पिलाला हलकेंच उचलून परातींत ठेवावें. तें बाहेर आलें तर येऊं द्यावें. धरून ठेवूं नये. तें फरशी हुंगत गोल फिरूं लागलें, कोपरा उकरूं लागलें, कीं वेळ आली असें समजावें. फरशीवर चूक झालीच, तर तो मळ कागदानें उचलून थोडासा परातींतल्या वाळूवर ठेवावा. वासावरून त्याला जागेची ओळख पटते. रागावूं नये, ओरडूं नये, आणि नाक घांसण्याची ती जुनी विद्या तर कायमची विसरून जावी.

पहिल्या दिवशीं मनीनें वाळू हुंगली, एक खडा चाटून पाहिला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशीं जेवणानंतर मुलीनें तिला परातींत ठेवलें आणि स्वतःच्या बोटानें वाळूंत दोन-चार रेघा ओढल्या. मनी त्या बोटाकडे पाहत राहिली. मग तिनें आपला पंजा पुढें केला, एकदां उकरलें, पुन्हां उकरलें, स्वतःभोंवतीं गिरकी घेतली, आणि डोळे अर्धवट मिटून अत्यंत गंभीर मुद्रेनें बसली. नंतर मागें वळून तिनें चारी बाजूंनीं वाळू ओढून इतका नीटनेटका ढीग रचला कीं, आई म्हणाली, "बघ, कुणी शिकवलं तिला?" घरांतलीं चारही माणसें त्या परातीभोंवतीं उभीं होतीं. एवढ्या उत्सुकतेनें आम्हीं परीक्षांचे निकालही कधीं पाहिले नव्हते!

पुढें दोनच वेळां चूक झाली. एकदां वाऱ्यानें दार लोटलें गेलें म्हणून. आणि एकदां मीं परात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारीं हलविली, मनी बसलेली असतांनाच तें यंत्र घरघरूं लागलें, आणि तिनें दोन दिवस त्या बाजूला पाऊल टाकलें नाहीं म्हणून. दोन्हीं वेळां अपराधी कोण होतें, हें सांगावयास नको.

भांड्याची स्वच्छता हें तर निम्में शिक्षण होय. मळ दिवसांतून निदान एकदां, दोनदां काढल्यास उत्तम, उचलून टाकावा आणि आठवड्यांतून एकदां सर्व वाळू बदलून भांडें साबणाच्या पाण्यानें धुवावें. घाणेरडें भांडें मांजर टाळतें, आणि मग आपण म्हणतों कीं मांजर बिघडलें. येथें एक गोष्ट मला कळकळीनें सांगावयाची आहे. मांजराचें भांडें किंवा त्यानें घाण केलेली फरशी फिनेलनें पुसूं नका. अशा पुष्कळ औषधांत फेनॉल जातीचीं द्रव्यें असतात. तीं निकामी करणारी जी शक्ति माणसाच्या यकृतांत आहे, ती मांजराच्या यकृतांत फार थोडी आहे. ओल्या फरशीवरून चालतांना तें विष पंजाला लागतें, आणि पंजे चाटतांना पोटांत जातें. याच कारणानें माणसांच्या तापावरची पॅरासिटामोलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊं शकते. साबण, भरपूर पाणी आणि कडक ऊन हीं पुरेशीं आहेत. अमोनिया असलेलीं द्रव्येंही नकोत. मूत्र कुजून तोच वास येतो, आणि मांजराला वाटतें, जागा हीच. गोधडी-गादीसारख्या वस्तूंतून दर्प जात नसेल, तर मूत्रांतलीं द्रव्यें फोडणारीं एन्झाइमयुक्त औषधें आतां बाजारांत मिळतात.

सरावलेलें मांजर एकाएकीं चुकूं लागलें, तर त्याला खोडकर ठरविण्यापूर्वीं तें आजारी नाहींना हें पाहावें. पिलांच्या जुलाबाचें एक नेहमींचें कारण आपणच वाटींतून देत असतों, तें म्हणजे गाईम्हशीचें दूध. पुष्कळ पिलांना तें पचत नाहीं. पोटांतल्या जंतांचें औषध डॉक्टरांकडून वेळेवर द्यावें. बोका वरचेवर परातींत जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर ती आणीबाणी समजून त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत प्राण घेते. वयांत आलेला बोका भिंतींवर फवारे उडवूं लागतो, तो अस्वच्छतेचा प्रकार नसून आपली हद्द आंखण्याचा त्याचा उपाय असतो. पांच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घेतल्यास ही संवय बहुधा लागत नाहीं, आणि वखारींत पोरक्या होणाऱ्या पिलांची संख्याही तेवढीच कमी होते.

इतकें झाल्यावर पोत्याचा प्रश्न कायमचा मिटला असें मला वाटलें होतें. पण अश्विनांत माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठीं माहेरीं आली, आणि तिच्या पाठोपाठ समाचाराला आलेल्या वडीलधाऱ्या आप्तांनीं पहिला हुकूम सोडला तो, "आधी ते मांजर बाहेर काढा!" या भीतींत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. टोक्सोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म जंतु मांजराच्या विष्ठेंतून बाहेर पडूं शकतो, आणि गरोदरपणांत त्याची प्रथमच बाधा झाली तर गर्भाला अपाय होण्याचा धोका असतो. म्हणून बहिणीला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलों, आणि त्यांनीं जें सांगितलें तें प्रत्येक घरानें ऐकून ठेवण्यासारखें आहे. हा जंतु मांजरांत येतो तो उंदीर किंवा कच्चें मांस खाल्ल्यानें. घरांत राहून शिजविलेलें अन्न खाणाऱ्या मांजरांत तो क्वचितच असतो. बाधा झालेलें मांजरही तो सामान्यतः आयुष्यांत एकदांच, एक ते तीन आठवडे बाहेर टाकतें. शिवाय बाहेर पडल्यावर बाधा करण्याइतका तो पक्व होण्यास निदान एक दिवस लागतो. म्हणजे जें भांडें रोजच्या रोज साफ होतें, त्यांतून होणारा धोका फारच थोडा. कच्चें राहिलेलें मांस, न धुतलेला भाजीपाला आणि बागेंतली माती यांतून हा जंतु माणसांत अधिक वेळां येतो. आणि त्यांना कोणी पोत्यांत घालीत नाहीं!

डॉक्टरांचा उपाय साधा होता. गरोदर स्त्रीनें मांजराच्या भांड्याला हात लावूं नये. तें काम घरांतल्या दुसऱ्या माणसानें हातमोजे घालून रोज करावें, नंतर हात साबणानें धुवावे, आणि मळ कागदांत गुंडाळून कचऱ्यांत टाकावा. भाजीच्या वाफ्यांत कधींही टाकूं नये. तें दुसरें माणूस कोण असावें याविषयीं आमच्या घरीं मतभेद झाला नाहीं. ज्यानें पोतें काढलें होतें त्याच्याकडेच तें काम आलें, आणि अद्याप आहे. बहीण सुखरूप बाळंत झाली. बाळ आणि मनी दोघेंही एकाच घरांत वाढत आहेत, आणि खरें सांगावयाचें तर स्वच्छतेच्या बाबतींत आज तरी मनीच पुढें आहे.

पोतें घेऊन निघणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा आपल्या देशाचा कायदा आहे. भुकेनें वा तहानेनें प्राण्याचे हाल होतील अशा स्थितींत त्याला टाकून देणें हा त्या कायद्यानें अपराध ठरतो. काशीचें पाप चुकविणारी आमची युक्ति कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष नाहीं. परंतु कायद्याच्या भीतीनें कोणी मांजर पाळावें, असें मला सुचवावयाचें नाहीं. ज्याला पाळावयाचें नसेल त्यानें तें आणूंच नये. मात्र एकदां उंबऱ्याच्या आंत घेतलें म्हणजे, त्याला दूध कोण देणार याबरोबरच, त्याला जागा कोठें देणार, हाही प्रश्न घरानें पहिल्याच दिवशीं सोडवावा. त्याला लागतें तें काय? हातभर जागा, घमेलंभर वाळू, आणि दिवसाकाठीं आपलीं पांच मिनिटें.

तें पोतें आतां आमच्या गच्चीच्या जिन्याखालीं असतें. त्यांत वाळविलेली वाळू भरलेली आहे. ती संपत आली कीं मुलगी मला आठवण करून देते, आणि मी तें रिकामें पोतें खांद्यावर टाकून निघतों. दारांत मनी बसलेली असते. पोतें पाहून ती आतां भीत नाहीं, आणि मलाही भीत नाहीं.